मिरची, मासोळी आणि फुईची गादी

मला वाट बघणं कधी जमलंच नाही. चूल धड पेटली नाही तरी मी चुलीवर खेकसते. सून हसते, म्हणते, "आई, चूल काय उलट बोलणार आहे का?" नाही बोलणार, ठाऊक आहे मला. पण या डोक्यापायी मी तरुणपणी एक गोष्ट करून बसले, आणि ती अजून मनातून जात नाही. आखाजी आली, आंब्याचा वास सुटला, की ती आठवते आणि दोन दिवस मला करमत नाही.

शहाद्याला आमचं माहेर. कापसाचा गाव. आमच्याकडं दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. बाकीच्या मुलखात अक्षय्यतृतीया एका दिवसात उरकते, आमच्या खानदेशात लग्न झालेल्या सगळ्या पोरी तिच्यासाठी माहेरी येतात. भाऊ बैलगाडी घेऊन आणायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. सासरी असताना मुऱ्हाळीची वाट जितकी बघितली, तितकी मी आयुष्यात कशाची बघितली नाही. मग पाच-सहा दिवस नुसता धिंगाणा. लिंबाला झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस. आणि गडीमाणसं त्याच लिंबाखाली दिवसाउजेडी पत्ते कुटत बसायची, त्यांना कोणी चकार शब्द बोलायचं नाही. बाप्यांनी पत्ते कुटले तर तो सण, आणि बायांनी पट मांडला तर "काय व भवानी, कामधंदा नही का?" पण आमच्या गल्लीत बायांचा पट मांडला जायचाच, कारण तो फुई मांडायची.

फुई म्हणजे माझ्या बापाची बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हा तिच्या गाठोड्यात दोन लुगडी होती आणि एक बुद्धिबळाचा कापडी पट. नवरा कुठल्याशा संस्थानात कारकून होता, त्यानं तिला हा खेळ शिकवला. मोहरी निम्मीशिम्मी हरवली होती. शेजारी खरादीचाचा राहायचे, लाकूड खरादावर फिरवून पाळण्याची खेळणी, लाटणी, खाटेचे पाय करायचे. त्यांनी उरलेली मोहरी करून दिली आणि सगळ्यांना लाख चढवली, अर्धी लाल, अर्धी हिरवी. फुईच्या त्या पटावर मी वयाच्या आठव्या वर्षी पहिला मार खाल्ला आणि मोहरी उधळून दिली. तिनं मला एकेक वेचायला लावली.

आखाजीत फुई झोक्यावर बसायची नाही. गौराईपाशीही यायची नाही. विधवेनं यायचं नसतं म्हणे. तेव्हा ती आपल्या खोलीत पट मांडून बसायची, आणि झोके घेऊन दमलेल्या पोरी एकेक करून तिच्याकडं सरकायच्या. तिनं नव्या कापसाची एक छोटी गादी शिवली होती. त्या गादीवर ती बसणार, समोरची जमिनीवर. जी तिला हरवेल ती गादीवर बसेल, असं ती म्हणायची. माझ्या आठवणीत कोणी बसली नव्हती.

एका आखाजीच्या तोंडावर चाचांची सुरतेहून लाख आली, ती जुन्या गुजराती पेपरात गुंडाळलेली. चाचांना गुजराती वाचता यायचं. पुडा सोडता सोडता ते मोठ्यानं हसले आणि ओट्यावरूनच फुईला हाक मारली. पेपरात आलं होतं की विलायतेकडं बायांमधली बुद्धिबळाची जगज्जेती ठरवतात. देशोदेशीच्या बाया एका गावी जमतात, प्रत्येकीनं प्रत्येकीशी एक डाव खेळायचा, आणि जिचे डाव सगळ्यात जास्त ती पहिली. ओळखीपाळखीवर कोणी शेवटच्या पटावर बसत नाही, डाव जिंकत जिंकत तिथवर यावं लागतं.

फुईनं सगळं दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "हाई बेस शे. आपलं बी आसंच."

तोवर आमच्यात काय व्हायचं, जी दांडगी ती फुईसमोर बसायची. म्हणजे बहुतेक मीच. त्या आखाजीपासून नियम झाला. माहेरी आलेल्या पोरींनी आधी आपसात खेळायचं, सगळ्यांनी सगळ्यांशी. जी पहिली येईल, तिनंच शेवटच्या दिवशी गादीपुढं बसायचं. चाचा म्हणाले, तिकडं जगज्जेतीलाही सगळ्यांशी खेळावं लागतं. फुई म्हणाली, "तिन्हं कंबरडं चांगलं व्हई. मी एकीशीच खेळसू."

तिला लिहिता येत नव्हतं. तिनं खोलीच्या भिंतीवर गेरूनं हिशोब मांडला. प्रत्येकीला एक चित्र. कोणाला चांदणी, कोणाला भोपळा, कोणाला पोपट. मला मिरची. का, ते सांगायला नको. माझी जी खरी मैत्रीण, समोरच्या घरातली, जिच्याबरोबर मी चिंचा चोरल्या आणि मारही खाल्ला, तिला मासोळी. शांत पाण्यातल्या मासोळीसारखीच ती खेळायची. हलतेय असं वाटायचंच नाही, आणि बघता बघता माझा वजीर गेलेला असायचा. जिंकलीचं चिन्ह उभी रेघ, हरलीचं आडवी. आणि फुईनं तिसरंही एक चिन्ह ठेवलं, गोल. एखादीला सासरच्यांनी धाडलंच नाही, तर तिचा डाव उघडा, त्याला गोल. उघडे डाव मिटल्याशिवाय गादीपुढं कोणी बसायचं नाही. "जी सासरी आडकनी, ती काय हारनी नही," असं ती म्हणायची.

माझं लग्न झालं ते कळसाडीला. शहाद्याच्या तालुक्यातलंच गाव, सकाळी गाडी जुंपली की जेवायला माहेरी. मैत्रीण मात्र पार विसरवाडीकडं दिली. मधे तापी, मग नंदुरबार, मग पुढचा रस्ता, गाडीचे दोन मुक्काम. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी ठरवूनच आले होते की यंदा गादी माझी. कळसाडीला वर्षभर मी चुलीपुढं राखेत घरं आखून हरभऱ्याचे आणि तुरीचे दाणे मांडून खेळले होते. सासू म्हणायची, सुनेला काही बाधलंय. म्हणो बापडी.

आणि मी जिंकत गेले. चांदणी हरली, भोपळा हरला, पोपट तर रडलाच. सगळ्या उभ्या रेघा. राहिली फक्त मासोळी, आणि ती आलेलीच नव्हती. तिचा भाऊ आणायला गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी मला कळसाडीला परत जायचं होतं.

खरं सांगते, मला धास्ती होती की ती येईल. माझ्या तिच्या डावांत पाचातले चार ती जिंकायची. ती आली तर मी गादीपुढं बसणार नाही, आणि ती नाही आली तरी फुईच्या त्या गोलापायी बसणार नाही. माझी कानशिलं तापली. मी चाचांच्या ओट्यावर जाऊन विचारलं, "चाचा, तिकडं एखादी बाई आलीच नाही तर काय करतात?"

चाचा खराद थांबवून म्हणाले, "तठे घड्याळ लावतस बेटी. कोनी उनं नही, तरी घड्याळ चालूच ऱ्हास. मंग डाव जास."

झालं! मी तशीच फुईच्या खोलीत. सगळ्या बसल्या होत्या. मी म्हटलं, नियम विलायतेचा घेतला ना, मग पुरा घ्या. न आलेली हरली. लिखा हारनी!

फुई सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "तिकडन्या बायास्ले मुऱ्हाळी लागत नही व्हई."

"मला नाही ठाऊक. मी आलेय. मी वर्षभर मर मर खेळलेय. ती नाही आली हा माझा गुन्हा आहे का?"

फुईनं अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं, आता कान धरते. पण ती नुसती म्हणाली, "बरं व माय. बठ."

मी बसले. तिनं गादी उचलून बाजूला ठेवली आणि जमिनीवरच मांडी घातली. "गरमी व्हई ऱ्हायनी, कापूस आंगले खास," म्हणाली. उकाडा होताच. मला कुठं तिकडं लक्ष! जमीन काय आणि गादी काय, मी अखेर फुईपुढं हक्कानं बसले होते.

डाव दुपारभर चालला. मधे मी तिचा एक हत्ती खाल्ला तेव्हा पोरींनी टाळ्या पिटल्या. मग हळूहळू काय झालं मला कळलंच नाही. माझा राजा कोपऱ्यात गेला, माझाच हत्ती आणि माझाच उंट त्याच्या वाटा अडवून बसले, आणि तिचं एक फाटकं प्यादं, ज्याच्याकडं मी ढुंकूनही बघितलं नव्हतं, ते एक घर पुढं सरकलं. प्याद्यानं मात! आमच्या खेळात याच्याइतकी मोठी शोभा नाही, आणि हरणाऱ्याची याच्याइतकी मोठी फजितीही नाही. मी उठले आणि भिंतीकडं मागं वळून न बघता झोक्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी वेशीबाहेर पडत होती आणि समोरून मैत्रिणीची गाडी येत होती. तिच्या सासऱ्याच्या हातापाया पडून भावानं आणली होती, वर तापीच्या वाळूत चाक रुतलं होतं. तोंडावर इतकी धूळ की डोळे तेवढे दिसत होते. तिनं विचारलं, "मन्हा डाव?"

मी म्हटलं, "हारनी लिखं. तू उनीच नही."

गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या वयात वाईट वाटलं की मी आणखी चिडायची. वाटभर मी तिलाच मनात बोल लावत होते, की वेळेवर यायला काय झालं होतं!

पुढची आखाजी. तेव्हा चाचा पेपरातून लढाईचंच वाचून दाखवायचे, तिकडचे खेळ बंद पडलेत म्हणायचे. आमचे चालू होते. माझा भाऊ गाडी घेऊन कळसाडीला आला, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून. मी बोचकं बांधून तयार. सासू उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "यंदा नही. मन्ह्या आंडेरी येवाव शेतस. त्यास्ले सांजोऱ्या कोन तळी?"

ऐका! तिच्या लेकी माहेरी येणार, म्हणून मी माहेरी जायचं नाही. तीन नणंदा, प्रत्येकीचं एकेक पोर, आणि मी कढईपुढं. मी भावाकडं बघितलं. तो बिचारा चप्पल घालत होता, काढत होता. सासूनं त्याला पाणीसुद्धा बसून पिऊ दिलं नाही. तो निघाला तेव्हा मी मागून धावत जाऊन गाडीचा दांडा धरला. त्यानं विचारलं, "फुईले काय सांगू?"

मला रडू फुटत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "सांग, नियम मन्हाच शे. लिखा हारनी!"

मग मी परत येऊन सांजोऱ्या तळल्या. पहिला घाणा करपला, त्याचं बोलणं खाल्लं. तेलाचा धूर डोळ्यात गेला म्हणून सांगून मी मन भरून रडून घेतलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वेशीबाहेर गाडीत बसलेल्या त्या धुळीनं माखलेल्या पोरीला मी काय सांगितलं होतं.

नंतर मला आईकडून समजलं ते असं. मैत्रीण त्या वर्षी चार दिवस आधी आली. सासरी काय केलं, कोणाला गूळ लावला, देव जाणे. तिनं सगळ्यांना हरवलं. शेवटच्या दिवशी फुईनं गादी झटकली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "बठ व मासोळी." भावानं माझा निरोप सगळ्यांदेखत सांगितलाच होता. माझ्याच तोंडानं मी हरले होते. तिनं नुसतं बसायचं होतं. तिच्या सासरचं बघता पुन्हा कधी यायला मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि फुईशी गादीचा डाव खेळायचा हे तिचं लहानपणापासूनचं वेड, माझ्याहून जास्तच. ती बसली नाही. म्हणाली, "तिन्हा डाव उघडा शे. मी उघडा डाव खात नही."

कोणीतरी म्हणालं, अगं तिनंच सांगितलंय. तर ही म्हणते, "तिन्हं डोकं तापेल शे. तिन्हं काय ऐकतस?"

फुई हसली म्हणे. म्हणाली, "ऱ्हावू द्या. पुढली आखाजीले देखसूत."

पुढच्या आखाजीपर्यंत फुई राहिली नाही. दिवाळीच्या आधी हिवतापानं गेली. थंडी वाजून यायची, गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. मला निरोप आला तोवर सगळं उरकलं होतं.

त्यानंतरच्या आखाजीला आम्ही दोघी एकाच दिवशी माहेरी पोचलो. मला सासूनं का धाडलं? कारण मी तिला सरळ सांगितलं होतं, यंदा नाही धाडलं तर मी पायी जाईन, आणि गावात सांगत जाईन. मिरची उगाच नाही म्हणत मला. मैत्रीण माझ्याकडं आली नाही, मीही तिच्याकडं गेले नाही. दुपारी मी फुईच्या खोलीत गेले, तर ती आधीच भिंतीपुढं उभी होती.

ती भिंत फुई कधी सारवू द्यायची नाही. तिच्यामागं कोणाचा हात धजला नव्हता. सगळं तसंच होतं. मी लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीची ओळ शोधली. मिरचीपुढं चांदणी, उभी रेघ. मिरचीपुढं भोपळा, उभी रेघ. मिरचीपुढं पोपट, उभी रेघ. मिरचीपुढं मासोळी.

गोल.

मी बोट लावून बघितलं. गेरूचा चांगला ठसठशीत गोल. तिनं मासोळीला हरली लिहिलंच नव्हतं. आणि माझा तो दुपारभराचा डाव, तो भिंतीवर कुठंच नव्हता. गादीचं चित्र म्हणून ती चौकोन काढायची. त्या वर्षी चौकोनच नाही. तेव्हा मला तिचं ते गादी बाजूला ठेवणं आठवलं, कापूस अंगाला खातो म्हणून. हट्टी पोर शांत व्हावी म्हणून खेळली होती ती माझ्याशी! गादीपुढं मी कधी बसलेच नव्हते.

"तुला ठाऊक होतं?" मी मैत्रिणीला विचारलं.

"समदास्ले ठाऊक व्हतं. तुन्हा तोंडले कोन लागी?"

मी मटकन खाली बसले आणि रडले. राग न येता रडले, बहुधा पहिल्यांदा. म्हटलं, मी तुझी वाट नाही बघितली, तू माझी बघितलीस, आणि त्यात तुझा फुईशी डाव कायमचा गेला. माझ्यामुळं गेला. ती म्हणाली, "व्हय. तुन्हामुळेच गया." बरं वाटावं म्हणूनसुद्धा खोटं बोलली नाही. मग तिनं पदराआडून फुईचा पट काढला, माझ्या आईकडून मागून आणलेला. आम्ही आमचा उघडा डाव खेळलो. ती जिंकली, नेहमीसारखी. एक गोल तिच्या न येण्याचा, एक माझ्या न येण्याचा, दोन्ही गोल मी माझ्या हातानं खोडले आणि मासोळीला उभ्या रेघा दिल्या.

मी गादी आणली. झटकली. म्हटलं, "बस. तुझीच आहे."

तिनं गादीला हात लावला आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "समोर कोन बठी व? माले गादी नको व्हती. माले फुईशी खेळनं व्हतं."

बाहेर झोक्यावर गाणं चाललं होतं. मग तिनं गादी उचलून पटाच्या पलीकडं, फुईच्या जागी मांडली. रिकामी. मोहरी लावली, लाल फुईची, हिरवी आपली. आणि मला म्हणाली, "तू तिन्हासंगे दुपारभर खेळनी शे. तुले तिन्ही चाल ठाऊक. गादीना बाजूले बठ, आन् तिन्ही मोहरी हालव."

मी गादीच्या बाजूला जमिनीवर बसले. फुई करायची तशी आधी प्यादी सरकवली, घोडा मागं ठेवला. माझ्या त्या चोरून मिळवलेल्या डावातली एकेक चाल मला पाठ होती, दोन वर्षं राखेत तोच डाव मांडून बघितला होता. खेळ रंगात आला. हिचा राजा कोपऱ्यात गेला. हिचा हत्ती आणि हिचा उंट त्याच्या वाटेत उभे होते, आणि लाल प्यादं एक घर सरकलं की मात होती. तिला ते दिसत नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं.

मी हात वजिराकडं नेला. मनात म्हटलं, जिंकू दे हिला. एवढं तरी मी देणं लागते.

तिनं माझं मनगट धरलं. "मी फुईशी खेळी ऱ्हायनू," ती दरडावून बोलली, "तुन्ह्या दयाशी नही."

मी वजीर सोडला. प्यादं उचललं आणि एक घर पुढं ठेवलं.

तिनं बघितलं. पुन्हा बघितलं. राजाला कुठं घर आहे का म्हणून बोटानं चाचपलं. मग गादीकडं बघून अशी हसायला लागली की डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं. "प्यादानी मात! देख व, प्यादानी मात दिनी माले!" झोक्यावरच्या पोरी गाणं थांबवून दारात आल्या.

मी गेरू घेतला. भिंतीवर मासोळी काढली, तिच्यापुढं चौकोन काढला, आणि पुढं माझा हात थांबला. तिनं माझ्या हातातून गेरू घेतला, स्वतःच आडवी रेघ ओढली, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "आते म्हन. हारनी."